दाखवायचं ताट

"आंटी, एक ताट मिळेल? थोड्या वेळासाठी?"

यीतिंगताईनं हे विचारलं तेव्हा आईच्या हातात लाटणं होतं आणि माझ्या तोंडात अर्धी पोळी. ताट मागणारी माणसं मी पाहिली होती. थोड्या वेळासाठी ताट मागणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. आईला वाटलं, पोरगी भुकेली असेल. तिनं दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीत आमटी, बाजूला कोशिंबीर असं साग्रसंगीत वाढलं आणि सवयीनं सगळ्यावर कोथिंबीर-खोबरं भुरभुरलं.

यीतिंगताईनं ताट टेबलावर ठेवलं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. केस विंचरलेलेच होते, तरी पुन्हा कानामागे सारले. मग एक बटण दाबलं आणि खळखळून हसायला लागली.

देवाशप्पथ सांगते, बटण दाबलं आणि हसली. पलीकडे तिची आई होती. गोल चेहरा, चष्मा, मागे भिंतीवर मोठं लाल कॅलेंडर. दोघी चिनीत इतक्या जोरात बोलत होत्या की मला वाटलं, आता किटली आपोआप उकळेल. ताईनं ताट उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं, आमटी सांडायच्या बेतात आली इतकं तिरकं. बोटानं एकेक पदार्थ दाखवला. पोटावरून हात फिरवला. तिची आई "ओऽऽ" करत राहिली, टाळी वाजवत राहिली.

फोन बंद झाला. हसूही.

"थँक्यू, आंटी. खूप छान होतं," असं म्हणत तिनं ताट आईकडे सरकवलं.

"अगं, पण तू एक घास खाल्ला नाहीस!"

"माझं झालंय."

मगमध्ये नुसतं गरम पाणी भरून घेऊन ती जिना चढून वर गेली. आई कमरेवर हात ठेवून ताटाकडे बघत राहिली.

"केतकी, हा काय नैवेद्य आहे का गं? दाखवला आणि उचलला?"

हे सगळं शेफील्डमधलं. आता मी मिरजेत अकरावीत आहे आणि वर्गात सगळ्यात जास्त बडबड कोण करतं हे शिपाईकाकाही सांगतील. पण तेव्हा बाबांच्या कंपनीनं त्यांना दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं आणि आम्ही एका चढावरच्या घराचा खालचा मजला भाड्यानं घेतला होता. वरच्या खोलीत यीतिंगताई. ती विद्यापीठात शिकायला चीनहून आली होती. स्वयंपाकघर दोघांत एकच. फ्रीजचे वरचे दोन कप्पे आमचे, खालचा तिचा. तिला ताई म्हणायचं हे आईनं ठरवलं होतं. मोठ्या मुलीला नुसतं नावानं हाक मारलेली आमच्या आईला इंग्लंडमध्येसुद्धा चालायची नाही. ताई आणि आम्ही इंग्रजीत बोलायचो. आईचं इंग्रजी मिरजेचं, ताईचं तिच्या गावचं, पण दोघींचं मस्त जमायचं.

निदान आधी जमायचं. आधी ताई रविवारी डंपलिंग करायची. मोदकाचे चुलतभाऊ, पण तिखट. मग वसंत आला, तिचा एका विषयाचा निकाल आला, ती नापास झाली आणि फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा होत गेला. ऑगस्टमध्ये परत परीक्षा होती. ती विद्यापीठात जाईनाशी झाली. आठवडाभर एकच स्वेटर. केस विंचरायची ते फक्त रविवारी.

आणि दर रविवारी, इकडे दुपार आणि तिकडे संध्याकाळ असायची तेव्हा, एक ताट थोड्या वेळासाठी.

आता माझं सांगायचं तर, मी तेव्हा फॉर्मात होते. मिरजेहून गेल्यावर पहिलं वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. इंग्रजी यायचं, पण उच्चाराला मुलं हसतील म्हणून गप्प. दुसऱ्या वर्षी तोंड उघडलं ते असं उघडलं की शाळेनं मला 'वेलबीइंग अ‍ॅम्बॅसेडर'च करून टाकलं. पिवळा बिल्ला! आम्हाला रीतसर शिकवलं होतं: समोरचा उदास दिसला तर विचारायचं, कसं वाटतंय. तो 'ठीक' म्हणाला तर पुन्हा विचारायचं. डोळ्यांत बघायचं. मध्ये बोलायचं नाही, रागवायचं नाही. आणि गंभीर असेल तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. शाळेत सगळे आनंदीच होते, त्यामुळे माझा बिल्ला बेकार बसला होता. आणि इथे घरात, आमच्याच डोक्यावर, एक अख्खी उदास मुलगी!

मी वर गेले आणि दार वाजवलं.

"ताई, तुला कसं वाटतंय?"

"ठीक."

"खरंच कसं वाटतंय?"

तिनं जरा विचार केला. "पोट बरं नाही. झोप नाही. इथे जड आहे," तिनं छातीवर हात ठेवला. "आतून उष्णता वाढलीय."

"तसं नाही गं. मनाचं विचारतेय मी."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी विचारलंय, पोळी खाल्लीस ते कळलं, पण गहू खाल्लास का? "मी मनाचंच सांगतेय," ती म्हणाली.

आमच्या प्रशिक्षणात पोटावर काहीच नव्हतं.

"विद्यापीठात मदत करणारी माणसं आहेत ना? त्यांच्याकडे जा की."

"तिथे आजारी माणसं जातात. मी आजारी नाही. मी आळशी झालेय, एवढंच. मेहनत कमी पडतेय." मग एकदम, "तू जेवलीस का?"

"हो."

"काय जेवलीस? शाळेत आज काय झालं?"

आणि मग काय, मी सुरूच झाले. शाळेत काय झालं, पीटीच्या बाई काय म्हणाल्या, माझी मैत्रीण माझ्याशी का बोलत नाहीये, सगळं. ताई गादीवर बसून ऐकत होती, एक संत्रं सोलून त्याच्या फोडी माझ्या हातावर ठेवत होती. स्वतः एकही खाल्ली नाही. खाली आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाली?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती काहीच म्हणाली नव्हती. विचारपूस माझीच झाली होती!

त्याहून मोठं कोडं म्हणजे हाओरान. तो ताईच्याच गावचा, तिच्याच वर्गातला, उतारावरच्या हॉस्टेलमध्ये राहायचा. रोज संध्याकाळी यायचा. उंच, चप्पल ओढत चालणारा, आल्याआल्या ताईला बोल लावणारा.

"काय भयंकर दिसतेयस," हे त्याचं नमस्कारासारखं होतं. आम्ही असलो की तो इंग्रजीत बोलायचा, म्हणून मला कळायचं. "केस बघ. मोजे कुठायत? फरशी थंड आहे. गरम पाणी पी."

"प्याले."

"अजून पी."

मग तो आमच्याच गॅसवर नाशपाती आणि लाल खजूर पाण्यात उकळत ठेवायचा, सिंकमधली तिची भांडी घासायचा, तिच्यासमोर खुर्चीत बसून फोनवर गेम खेळायचा. तासभर. एक शब्द नाही. ती टेबलावर डोकं टेकून पडलेली, हा ढिश्यांव ढिश्यांव. मग उठून, "ते गार व्हायच्या आत संपव," असं दरडावून निघून जायचा.

"हा मित्र आहे की सासू आहे तिची?" मी आईला विचारलं.

"मला तरी कुठे कळतंय," आई म्हणाली. तो गेल्यावर तिनं वाटी बघितली. दोन चमचे कमी झाले होते, बाकी तसंच.

त्या आठवड्यात आमच्याकडे भांडण झालं. म्हणजे आई-बाबांचं, आणि विषय ताई.

"मी येत्या रविवारी तिच्या आईला सरळ सांगणार आहे," आई म्हणाली. "ही पोरगी जेवण दाखवते, जेवत नाही. जिना चढताना कठड्याला धरते."

बाबा म्हणाले, "आपण कोण तिचे?"

"एका गॅसवर शिजवतो आपण. अजून कोण असायला लागतं?"

"अगं, पण मोठी मुलगी आहे ती. तिचा खाजगी प्रश्न आहे."

"उद्या केतकी अशी परदेशात उपाशी राहिली आणि शेजारच्या बाईनं तिचा खाजगी प्रश्न म्हणून मला कळवलं नाही, तर तुम्ही त्या बाईला हार घालणार आहात का?"

बाबा चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसायला लागले म्हणजे बाबा हरले.

मी अर्थातच आईच्या बाजूनं. गंभीर असेल तर मोठ्या माणसाला सांगायचं, हे तर आमच्या प्रशिक्षणातच होतं, आणि तिच्या आईपेक्षा मोठं माणूस कोण? फक्त तिच्या आईला इंग्रजी येत नव्हतं. पण त्याचीही सोय होती: फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप. मी बोलायचं, फोन चिनीत सांगणार. ताई मध्ये पडायच्या आत आम्ही सांगून मोकळ्या! माझ्या अंगात असा उत्साह संचारला होता की जणू मला कुणी बक्षीस वितरणाला बोलावलंय.

शनिवारी हाओरान आला, तेव्हा ताई वर झोपली होती. आईनं त्याला आमचा बेत सांगून टाकला. तो पातेलं घासता घासता थांबला.

"नको, आंटी."

"का नको?"

"तिची आई तिकडून काय करणार? तिला परत बोलावणार. ती एकदा परीक्षा सोडून गेली की परत येणार नाही. आयुष्यभर 'पळून आलेली' म्हणून राहील. तिनं इथे टिकायचं ठरवलंय."

"टिकायला आधी जगायला लागतं रे, बाळा."

"मी रोज येतो."

"रोज येतोस आणि रोज बोलतोस तिला!" मला राहवलं नाही. "भयंकर दिसतेस म्हणे! असं बोलतात का उदास माणसाशी?"

तो खरोखरच गोंधळला. "मग काय बोलतात?"

"कसं वाटतंय, हे विचारायचं असतं."

"का विचारू?" तो म्हणाला. "दिसतंय ना मला."

मी आईकडे बघितलं, तर आई त्याच्याकडे बघत होती.

"हे बघ हाओरान," ती शेवटी म्हणाली, "मी आई आहे. माझ्यानं खोटं ताट वाढवत नाही आता. उद्या मी सांगणार."

त्यानं पातेलं पालथं घातलं, हात पुसले. "किती वाजता फोन येतो?" एवढंच त्यानं विचारलं.

रविवार. आईनं फ्लॉवर-मटार केला होता, वरण, भात, पोळ्या, आणि वर नेहमीसारखी हिरवीगार कोथिंबीर. ताईनं ताट घेतलं, साखरेच्या डब्याला फोन टेकवला, हसली. मी टेबलाच्या या टोकाला माझा फोन हातात धरून, वाक्य पाठ करून बसले होते. 'आंटी, तुमची मुलगी जेवत नाही.' एवढं एकच वाक्य. आई ओट्याला पाठ टेकवून उभी. तिच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर थंडी होती.

ताई फ्लॉवरचा तुरा चमच्यावर धरून तिच्या आईला दाखवत होती, तेवढ्यात बेल वाजली. एकदा नाही, लागोपाठ.

"यीतिंग!" बाहेरून हाओरान ओरडला. "बाहेर ये! तांदूळ आणलाय! जड आहे!"

ताई वैतागली. फोनमध्ये काहीतरी म्हणाली, 'थांब' असं असणार, आणि धावत गेली.

मी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. आता. मी फोन तोंडाजवळ नेला.

पण पलीकडे ताईच्या आईचं हसू केव्हाच उतरलं होतं. ती घाईघाईनं खाली वाकली, दुसरा एक जुना फोन उचलला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि बटण दाबलं. त्यातून एका बाईचा इंग्रजी आवाज आला, एकसुरी, मिरज जंक्शनवर गाडीची घोषणा करतात तसा.

"नमस्कार. मी यीतिंगची आई. माझी मुलगी लहानपणापासून कोथिंबीर खात नाही. एक पान दिसलं तरी ती वाटी दूर करते. दर रविवारी ती मला कोथिंबीर दाखवते आणि चविष्ट आहे म्हणते."

आई ओट्यापासून पुढे आली.

पलीकडच्या बाईनं दाराकडे बघावं तसं आमच्या पाठीमागे बघितलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"ती बारीक झाली आहे. मला माहीत आहे. मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नका. मला फसवण्यासाठी ती आठवड्यातून एकदा केस विंचरते. तेवढं तिच्याकडे राहू द्या."

बाहेर हाओराननं काहीतरी पाडल्याचा आवाज झाला. ताई त्याला ओरडत होती.

तिसऱ्यांदा बटण. "तुम्हीसुद्धा आई आहात. कृपया तिला गरम जेवण द्या. धन्यवाद. क्षमा करा."

फोन बोलायचा थांबला, पण ती बाई तो तसाच धरून राहिली. माझं पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते आता कुणाला सांगायचं हे मला कळेना. जिला सांगायचं ती ते आधीपासून जाणत होती. आईनं अ‍ॅप नाही, इंग्रजी नाही, सरळ मराठीतच म्हटलं, "हो. देते मी." आणि छातीवर हात ठेवला. पलीकडे त्या बाईनंही ठेवला.

ताई आत आली तेव्हा तिकडे जुना फोन गायब आणि हसू जागेवर!

"काय बोलत होता तुम्ही?" ताईनं मला विचारलं.

"काही नाही. तुझी आई विचारत होती, भाजी कसली आहे."

ताईनं फोनकडे बघून चिनीत काहीतरी विचारलं. तिच्या आईनं उत्तर दिलं. ताई माझ्याकडे वळली. तिच्या भुवया जवळ आल्या होत्या.

"आई म्हणतेय, तिनं तुझ्या शाळेचं विचारलं."

मी आईकडे बघितलं.

"दोन्ही विचारलं," आई पोळीला तूप लावत म्हणाली. "आधी शाळा, मग भाजी."

ताई थोडा वेळ आम्हा सगळ्यांकडे बघत राहिली: आईकडे, माझ्याकडे, फोनमधल्या आईकडे. मग तिनं पुन्हा फ्लॉवरचा तुरा उचलून दाखवला. फोन बंद झाला. ताट परत आलं. "खूप छान होतं, आंटी."

ती वर गेल्यावर आई दारापाशी गेली. हाओरान अजून तिथेच होता. तांदळाची पिशवी पायाशी. आईनं ती एका हातानं उचलली. मीसुद्धा उचलली असती.

"जड होता नाही का तांदूळ?"

"खूप," तो म्हणाला.

"म्हणजे तू तिच्या आईला सगळं सांगतोस?" माझा आवाज चढला. "आणि आम्हाला म्हणतोस, सांगू नका!"

"मी काही सांगत नाही. ती मला विचारते, तिकडे अजून थंडी आहे का? मी म्हणतो, आहे. काल तिनं विचारलं, शेजारच्या बाईशी एकटीनं बोलता येईल का. मी म्हटलं, बघतो."

"अरे, पण मग सरळ का नाही बोलत कुणी! सगळ्यांना सगळं माहितीये!"

"हो," तो म्हणाला, जणू त्यात काही चुकतंय हे त्याला दिसतच नव्हतं.

त्या आठवड्यात मी इतकी चक्रावले होते की शाळेत बाईंना विचारलं, एखाद्याचं दुःख सगळ्यांना कळलंय आणि कुणीच बोलत नाहीये, तर ते चांगलं की वाईट? बाई म्हणाल्या, वाईट, बोलायलाच हवं. घरी येऊन बघते तर आईनंही बोलणं बंद केलेलं! एरवी ताई दिसली की 'खाल्लंस का, झोपलीस का, काय होतंय' अशी सरबत्ती असायची. आता आईनं तिला फक्त हाक मारली, "यीतिंग, जरा पोळ्या लाटतेस का? माझा खांदा दुखतोय."

खांदा! सकाळी याच खांद्यानं तिनं गादी उलटी केली होती.

ताईनं तिचं डंपलिंगचं छोटं लाटणं काढलं. एका हातानं लाटणं, दुसऱ्या हातानं पोळी गरागरा फिरवत. अशी गोल पोळी आमच्या घराण्यात कुणी लाटली नसेल. रोज संध्याकाळी आई भाजायला, ताई लाटायला, हाओरान समोर बसून ढिश्यांव ढिश्यांव. कुणी काही विचारत नव्हतं. मला इतकं विचारावंसं वाटायचं की मी दातांत जीभ धरून बसायचे.

"गोल नाहीये," हाओरान मान वर न करता म्हणायचा.

"तू लाट मग."

"मी खायला आहे."

पहिल्या दिवशी ताईनं लाटलेल्यातली एक पोळी मोडून अर्धी खाल्ली. नुसती, उभ्यानं. आई तव्याकडेच बघत होती. मी ओरडणार तेवढ्यात आईचा पाय माझ्या पायावर.

गुरुवारी हाओरान म्हणाला, "उद्या मी विद्यापीठातल्या दवाखान्यात चाललोय. मला झोप येत नाही."

"तुला?" ताई म्हणाली. "तू तर लेक्चरमध्येसुद्धा झोपतोस."

"एकट्याला जायचा कंटाळा येतो. चल ना."

ताई लाटत राहिली. पोळी फिरता फिरता मंदावली. "झोपेचंच विचारतात का तिथे?"

"आधी झोपेचंच."

"बसनं जायचं की चालत?"

"चालत. मोजे घाल."

शुक्रवारी ते दोघं चढ उतरताना मला खिडकीतून दिसले. हा पुढे चप्पल ओढत, ती मागे. परत आले तेव्हा हाओरानच्या हातात काही नव्हतं आणि ताईच्या हातात पुढच्या भेटीची चिठ्ठी होती. "याला काही झालेलं नाही," ती आईला म्हणाली. "मलाच परत बोलावलंय त्यांनी. झोपेसाठी." आई म्हणाली, "बरं." बस. बरं!

आणि मग पुन्हा रविवार.

"आंटी, एक ताट मिळेल?"

आईनं ताट वाढलं. गरम खिचडी, त्यावर तूप, पापड, भोपळ्याची भाजी. ताईनं ते घेतलं, टेबलाकडे वळली आणि मध्येच थांबली. ताट बघत उभी राहिली.

मीही बघितलं. ताट पिवळं होतं. खिचडी पिवळी, भोपळा पिवळा. हिरवं काहीच नव्हतं.

कोथिंबिरीची जुडी खिडकीत, पाण्याच्या पेल्यात, फुलदाणीसारखी उभी होती. सगळ्यांना दिसेल अशी.

ताईनं जुडीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आईनं पाठ फिरवून नळ सोडला आणि स्वच्छ असलेला डाव धुवायला घेतला. मुद्दाम केलं की हातून राहिलं, हे मी आईला नंतर कितीदा विचारलं. अजूनही सांगत नाही.

ताईनं फोन लावला नाही. ती खुर्चीवर बसली आणि खायला लागली. हळूहळू, एकेक चमचा, मध्ये थांबून, नाक ओढत. तिच्या डोळ्यांतून पाणी खिचडीत पडत होतं आणि ती खात होती. हाओरान समोर होता. त्यानं गेमचा आवाज बंद केला, पण खेळणं थांबवलं नाही. मी बसले होते, बिल्ला लावून, आणि काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी उठून तिच्या मगमध्ये गरम पाणी ओतलं.

अर्धं ताट झालं आणि तिचाच फोन वाजला. वेळ टळून गेली होती, म्हणून पलीकडून लावला असणार. ताईनं बाहीनं तोंड पुसलं, बटण दाबलं. या वेळी ती हसली नाही. केसही विंचरलेले नव्हते. तिनं फक्त ताट उचललं आणि दाखवलं. अर्धवट खाल्लेलं, बोटांचे डाग पडलेलं, कडेला पापडाचे तुकडे.

पलीकडे टाळी नाही. "ओऽऽ" नाही. तिची आई चष्मा वर करून पडद्याजवळ आली, इतकी जवळ की फक्त डोळेच दिसायला लागले. आणि मग तिनं जो काही आवाज चढवला! एका दमात, हात नाचवत, बोट रोखून. मी खुर्चीतच मागे सरकले. इतक्या रविवारांत ही बाई एकदाही रागावली नव्हती. आता मुलगी खरंच जेवली, तर ओरडते?

"काय झालं? का ओरडतेय ती?" मी हाओरानला दंडाला धरून विचारलं.

त्यानं फोन खाली ठेवला होता. "ती म्हणतेय, केस काय असे? स्वेटर कधी धुतलास? आणि एवढं ताटात का टाकलंस, ते कोण खाणार, शेजारची बाई? चमचा धर, सगळं संपव, मी बघत बसणार आहे."

ताई रडत होती, मधूनच आईला उलट बोलत होती, आणि चमचा चालूच होता. तिकडून रागवणं काही थांबेना.

"आई, तू सांग ना तिला, रागावू नको म्हणून," मी म्हणाले.

आईनं नळ बंद केला. पदराला हात पुसत ती ताईच्या मागे येऊन उभी राहिली आणि त्या रागावणाऱ्या बाईकडे बघून पहिल्यांदाच पोटभर हसली.

"रागावू दे गं," आई म्हणाली. "बरं वाटतंय तिला आता."